विद्यार्थ्याचा वेश आणि त्याचा अधिकार : आनंदीबाई जोशींपासून गणवेश-योजनेपर्यंत

वस्त्र अंगावर धारण करण्याच्या क्रियेस मराठीत एकच एक शब्द नाही. लुगडे व धोतर नेसतात, सदरा व बंडी घालतात, पागोटे व फेटा बांधतात, शाल पांघरतात आणि पदर घेतात. ह्यांपैकी एका क्रियापदाच्या जागी दुसरे वापरले, तर अर्थ कळतो खरा, पण बोलणारा परका आहे हेही तत्काळ कळते. 'नेसणे' हे क्रियापद संस्कृतातील 'नि'पूर्वक 'वस्' ह्या आच्छादनार्थी धातूपासून प्राकृतद्वारा मराठीत आले. ते आजतागायत शरीराच्या खालच्या भागाभोवती गुंडाळावयाच्या, न शिवलेल्या वस्त्रापुरतेच राखून ठेवलेले आहे. न शिवलेल्या वस्त्राला स्वतःचा आकार नसतो. तो रोज सकाळी नेसणाऱ्याच्या हातांनी द्यावा लागतो. शिवलेल्या वस्त्राचा आकार शिंप्याने आधीच ठरवलेला असतो आणि घालणाऱ्याने केवळ त्यात शिरावयाचे असते. शालेय गणवेश हा सर्वस्वी दुसऱ्या वर्गात मोडतो. तो 'घातला' जातो.

ह्या भेदावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की नेसण्याच्या काळात विद्यार्थी आपल्या वेशाचा स्वामी होता आणि घालण्याच्या काळात ते स्वामित्व शाळेकडे गेले. हा निष्कर्ष चुकीचा होय. जेथे आकार नेसणाऱ्याच्या हाती होता, तेथेच समाजाची नजर अधिक करडी होती. काष्टा कसा घ्यावा, ओचा कोठे खोचावा, लुगडे घोट्यापर्यंत यावे की वरच राहावे, ह्या प्रत्येक गोष्टीत जात, प्रांत आणि वैवाहिक स्थिती वाचली जाई. वेशाचे नियम शाळेने निर्माण केलेले नाहीत. शाळा अस्तित्वात येण्यापूर्वीच ते पूर्ण तयार होते आणि रस्त्यावर उभा असलेला कोणीही माणूस त्यांची अंमलबजावणी करू शकत असे. विद्यार्थ्याच्या वेशस्वातंत्र्याचा मराठी मुलखातील इतिहास म्हणूनच शाळेच्या दारात सुरू होत नाही. तो शाळेकडे जाणाऱ्या वाटेवर सुरू होतो.

त्या वाटेवरचा सर्वांत बोलका साक्षीपुरावा आनंदीबाई जोशी ह्यांचा आहे, आणि त्याचे एक टोक कोल्हापुरात आहे. गोपाळराव जोशी टपालखात्यात नोकरीस असताना कोल्हापूरला होते. पत्नीच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल काय, अशी विचारणा करणारे पत्र त्यांनी १८७८ साली येथूनच रॉयल वाइल्डर ह्या मिशनऱ्यास लिहिले. ते पत्र वाइल्डर ह्यांच्या अमेरिकेतील मासिकात प्रसिद्ध झाले. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर ह्यांच्या ते दृष्टीस पडले आणि पुढील सर्व इतिहास त्यातून घडला. पुढे मुंबईत आनंदीबाई मिशनच्या शाळेत जाऊ लागल्या तेव्हा त्यांच्या वाट्यास काय आले, हे त्यांनी स्वतःच श्रीरामपूर (बंगाल) येथे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी केलेल्या इंग्रजी भाषणात सांगितले आहे. त्या रस्त्याने जाताना लोक भोवती जमत, हसत, आणि ओसरीवर बसलेली प्रतिष्ठित माणसे शेरे मारीत व खडे फेकीत. त्या शेऱ्यांचा विषय काय होता, हे येथे महत्त्वाचे आहे. हातातील पुस्तकांइतकाच रोष पायांतील बूट आणि मोज्यांवर होता. मुलगी शिकते ह्यापेक्षा ती शिकणारी म्हणून दिसते, हे लोकांस असह्य झाले होते.

शाळेने आनंदीबाईंवर बूट घालण्याची सक्ती केलेली नव्हती आणि बूट काढण्याचीही नव्हती. सक्ती रस्त्याची होती. ह्या प्रसंगात विद्यार्थिनीच्या वेशावर अधिकार सांगणारे तीन पक्ष एकाच वेळी हजर होते: रस्त्यावरचा समाज, नवरा आणि ती स्वतः. श्रीरामपूरच्या त्याच भाषणात आनंदीबाईंनी श्रोत्यांस असे आश्वासन दिले, की आपला आचार, आहार आणि पोशाख ह्यांत आपण बदल करणार नाही. हे आश्वासन कोणत्या दडपणाखाली दिले गेले हे उघड आहे. परदेशी जाणाऱ्या पहिल्या ब्राह्मण विद्यार्थिनीस परवानगी मिळावयाची, तर तिने वस्त्राच्या रूपाने तारण ठेवणे आवश्यक होते.

फिलाडेल्फियाच्या थंडीत ह्या तारणाची परीक्षा झाली. नऊवारी नेसणीत पोटऱ्या उघड्या राहतात. तेथील हवेला आणि तेथील सभ्यतेच्या कल्पनांना ते मानवणारे नव्हते. आनंदीबाईंनी त्यावर जो मार्ग काढला, तो भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. त्यांनी परकी शिवलेली वस्त्रे घातली नाहीत. गुजराती पद्धतीने, पाय झाकतील अशी साडी त्या नेसू लागल्या. नेसणे सोडले नाही, नेसण बदलली. गोपाळरावांना मात्र हा बदलही खुपला. एरवी सुधारणेच्या बाबतीत हट्टाग्रही असलेला हा गृहस्थ लुगड्याच्या निऱ्यांपाशी येऊन अडला, हे त्या काळच्या सुधारकी मनाच्या मर्यादेचे चांगले उदाहरण होय. आनंदीबाईंनी प्रकृतीचे कारण पुढे करून आपला निर्णय कायम ठेवला. विद्यार्थ्याने आपल्या वेशाविषयी स्वतः कारणे देऊन घेतलेला आणि पत्रांतून समर्थिलेला निर्णय, असे ज्याला म्हणता येईल, त्याचे हे मराठीतील आरंभीचे उदाहरण मानावयास हरकत नाही.

१८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन पौर्वात्य विद्यार्थिनी त्यात बसलेल्या आहेत: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली. तिघीही आपापल्या देशीच्या पोशाखात आहेत. ह्या चित्रात मिशनरी वृत्तीचे कौतुक आणि प्रदर्शनाची हौस दोन्ही असतील. तरी एवढे खरे, की त्या महाविद्यालयाने पदवीसाठी वेशबदलाची अट घातली नाही. आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानाने त्यांची अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर नेमणूक केली. परंतु क्षयाने ग्रासलेल्या त्या विदुषीचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निधन झाले आणि ज्या गावातून पहिले पत्र गेले, त्या गावास त्यांची सेवा लाभली नाही.

ह्यानंतरची दोन दशके ओलांडली, की कोल्हापुरात प्रश्नाचे दुसरे रूप दिसते. शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढविली. ह्या वसतिगृहांनी बहुजनसमाजास शिक्षणाचे दार उघडले ह्यात शंका नाही. परंतु वसतिगृह हे शाळेपेक्षा अधिक संपूर्ण असे नियमांचे जग असते. तेथे विद्यार्थी जेवतो, निजतो, स्नान करतो. त्यामुळे अंगावरचे वस्त्र हा तेथे शिक्षणाचा नसून सोवळ्याओवळ्याचा विषय होता. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी 'मिस क्लार्क' वसतिगृह निघाले. त्याच्या उद्घाटनसमारंभास जैन वसतिगृहातील एक विद्यार्थी उपस्थित राहिला. परत आल्यावर स्नान करून मगच आत येण्यास त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि त्यास वसतिगृह सोडावे लागले. हा विद्यार्थी म्हणजे पुढे रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे भाऊराव पाटील.

हा प्रसंग चरित्रांतून सामान्यतः अस्पृश्यतानिवारणाचा म्हणून सांगितला जातो, आणि तसा तो आहेच. परंतु विद्यार्थ्याच्या अधिकारांच्या इतिहासातही त्याचे स्थान आहे, व ते 'सचैल' ह्या शब्दावरून ध्यानात येते. 'चैल' म्हणजे वस्त्र. सचैल स्नान म्हणजे अंगावरील वस्त्रांसकट केलेले स्नान. विटाळ शरीरास लागतो तसाच वस्त्रासही लागतो, किंबहुना वस्त्रातून तो घरात शिरतो, ही कल्पना ह्या एका शब्दात साठलेली आहे. सोवळ्याचे वस्त्र निराळे, ओवळ्याचे निराळे. बाहेरून आलेले वस्त्र दाराशी उतरवावयाचे. अशा व्यवस्थेत 'मी स्नान करणार नाही' असे म्हणणे म्हणजे 'मी जेथे जाऊन आलो त्याची खूण पुसणार नाही' असे म्हणणे होय. भाऊरावांनी कोणतेही विशेष वस्त्र परिधान केले नव्हते की कोणतेही चिन्ह लावले नव्हते. अंगावरचे नेहमीचेच कपडे आहेत तसे राहू देणे, एवढीच त्यांची अभिव्यक्ती होती. आजच्या कायद्याच्या भाषेत ज्याला मूक अभिव्यक्ती म्हणतात, ती ह्याहून फारशी वेगळी नाही.

छत्रपतींनी पुढे १९१९ साली अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या विद्यार्थ्यांस सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी भाऊरावांनी कराडजवळील काले येथे आपल्या संस्थेची स्थापना केली. एका पंक्तीत आणि एका बाकावर निरनिराळ्या जातींची मुले येऊन बसू लागली, तेव्हा वेशाचा प्रश्न नव्याने पुढे आला. बाक एक झाला तरी कपड्यांवरून जात ओळखू येत होती.

ती किती स्पष्ट ओळखू येत होती, ह्याचा पुरावा शाळेबाहेरचा असला तरी येथे टाळता येण्यासारखा नाही. महाड येथे डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. लुगडे नेसण्याची तुमची पद्धत आणि तुमचे विशिष्ट दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची साक्ष आहे, ती खूण टाकून द्या आणि सवर्ण स्त्रिया नेसतात तसे नेसा, ह्या आशयाचा त्यांचा उपदेश होता. त्यास पैसा लागत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. लुगडे तेच, केवळ नेसण निराळी. सवर्ण सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी ही नेसण शिकवण्यास साहाय्य केले आणि परिषदेहून परतणाऱ्या स्त्रियांच्या वेशात बदल झालेला लोकांस प्रत्यक्ष दिसला. आनंदीबाईंनी फिलाडेल्फियात जे केले तेच व्याकरणदृष्ट्या येथेही घडले. क्रियापद तेच राहिले, रीत बदलली. परंतु दोहोंची दिशा ध्यानात घ्यावयास हवी. आनंदीबाईंना सर्वांहून वेगळे दिसण्याचा अधिकार हवा होता. महाडच्या स्त्रियांना वेगळे न दिसण्याचा. वेशस्वातंत्र्य ह्या एकाच नावाखाली ह्या दोन्ही मागण्या येतात, आणि पुढील सर्व घोटाळा ह्या दोहोंची गल्लत करण्यातून निर्माण झालेला आहे.

गणवेशाचे समर्थन नेहमी दुसऱ्या मागणीच्या आधारे केले जाते. गरीब आणि श्रीमंत, सवर्ण आणि दलित, सर्वांची मुले एकसारखी दिसावीत, म्हणजे कोणास न्यूनगंड येणार नाही, हा युक्तिवाद मराठी शिक्षणविचारात इतका रुळला आहे, की गणवेशाचा जन्मच समतेसाठी झाला असे पुष्कळांस वाटते. इतिहास वेगळे सांगतो. इंग्लंडातील शालेय गणवेशाचे जुने व प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लंडनमध्ये १५५२ साली स्थापन झालेल्या 'क्राइस्ट्स हॉस्पिटल' ह्या शाळेचा निळा डगला व पिवळे मोजे. ती अनाथ व निर्धन मुलांसाठी काढलेली धर्मादाय शाळा होती. डगल्यावरून मूल कोणाच्या दयेवर शिकते हे रस्त्यावरच्या माणसास कळत असे. म्हणजे मूळचा गणवेश भेद झाकण्यासाठी नव्हता, आश्रितपण दाखवण्यासाठी होता. पुढे प्रतिष्ठितांच्या शाळांनी गणवेश उचलला आणि तो मानाची खूण झाला. आपल्याकडे तो आला तो मिशनरी व इंग्रजी शाळांच्या वाटेने आणि कवायत व बालवीर पथके ह्यांच्या वाटेने. स्वातंत्र्यानंतर पांढरा सदरा, खाकी अर्धी विजार, मुलींना निळा परकर किंवा झगा आणि वेण्यांना रिबिनी, असे त्याचे देशी रूप गावोगाव स्थिरावले.

'गणवेश' हा शब्दही बोलीतून वर आलेला नाही; इंग्रजी 'युनिफॉर्म'ला दिलेला तो संस्कृत प्रतिशब्द आहे. परंतु प्रतिशब्द देणाऱ्याने अर्थ बदलला. मूळ शब्दात 'एकरूपता' आहे. मराठीत 'गण' आहे. इंग्रजी शब्द आकाराविषयी बोलतो, मराठी शब्द माणसे कोणाची ह्याविषयी. मराठीत वेश एकरूप आहे की नाही ह्यापेक्षा तो कोणत्या गणाचा आहे, हा प्रश्न शब्दातच घातलेला आहे. आणि गण ठरवतो कोण, हा त्यापुढचा प्रश्न. पोलिसांच्या पोशाखास मराठीत 'वर्दी' म्हणतात आणि वर्दी देणे म्हणजे खबर देणे. पोशाख आणि खबर एकाच शब्दात यावीत, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

मोफत गणवेशाच्या सरकारी योजनेने तो निळा डगला वेगळ्या रीतीने परत आणला. समग्र शिक्षा अभियानाखाली इयत्ता पहिली ते आठवीच्या सर्व मुलींना आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलांना दोन गणवेशांसाठी ६०० रुपये अशी तरतूद होती. ह्या निकषांबाहेरच्या मुलग्यांना गणवेश विकत घ्यावा लागे. एकाच वर्गात काहींना कापड मिळते आणि काहींना मिळत नाही, आणि ज्यांना मिळते ते का मिळते हे सर्वांना ठाऊक असते. गणवेश एकसारखा दिसला तरी तो मिळवण्याची रांग एकसारखी नव्हती. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने उरलेल्या मुलग्यांनाही ह्या लाभात घेतले. ह्या निर्णयाचे महत्त्व आर्थिक कमी आणि सामाजिक अधिक होते, परंतु त्याची चर्चा मात्र खर्चापुरतीच झाली.

त्याच सुमारास 'एक राज्य, एक गणवेश' ही कल्पना पुढे आली. २०२४-२५ ह्या शैक्षणिक वर्षात ती अंमलात आली तेव्हा कळंब्यासारख्या शहरालगतच्या गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेपासून गडचिरोलीच्या आश्रमापलीकडील वाडीपर्यंत लक्षावधी मुलांसाठी एकच रंग ठरला. कापडखरेदी वरून झाली, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचतगटांकडे सोपवण्यात आली आणि दुसरा गणवेश स्काउट-गाइडच्या धर्तीचा ठरला. पावसाळा अर्धा सरला तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नाहीत; जे पोहोचले त्यांतील पुष्कळ मापात बसत नव्हते. येथे 'घालणे' ह्या क्रियापदाची मर्यादा प्रत्यक्ष अनुभवास आली. शिवलेल्या वस्त्राचा आकार कोणीतरी आधी ठरवावा लागतो, आणि ठरवणारा जितका दूर, तितके माप चुकीचे. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि गणवेशाचा रंग, रचना व खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवली.

अधिकाराचा प्रश्न न्यायालयांपुढे आला तो मात्र रंगाच्या किंवा मापाच्या अंगाने आला नाही. धर्माच्या अंगाने आला. मुंबई उच्च न्यायालयात एका शाळकरी मुलीच्या वतीने, डोके झाकून शाळेत येण्याची मुभा मिळावी, अशी मागणी करण्यात आली. शाळेत केवळ मुलींसमवेत असताना डोके झाकण्याची धार्मिक आज्ञा नाही, म्हणून संविधानाच्या अनुच्छेद २५ चा भंग होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ह्या निर्णयाचा युक्तिवाद पाहण्याजोगा आहे. मुलीस काय वाटते ह्याऐवजी धर्मग्रंथ काय सांगतो, ह्यावर निकाल अवलंबून ठेवण्यात आला. १९८६ साली केरळातील तीन मुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी दृष्टी घेतली होती. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी पण न गाणारी ती मुले होती. त्यांचा विश्वास प्रामाणिक आहे काय आणि त्यांच्या वर्तनाने कोणास उपद्रव होतो काय, एवढेच पाहून न्यायालयाने त्यांची हकालपट्टी रद्द केली. २०१४ साली तृतीयपंथीयांच्या अधिकारांविषयीच्या निर्णयात वेशाद्वारे आपली ओळख व्यक्त करणे हे अनुच्छेद १९(१)(अ) खालील अभिव्यक्तीत येते, असेही सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. सदर निर्णय विद्यार्थ्यांविषयी नव्हता. तरी पोशाख हा बोलण्याचा एक प्रकार आहे, हे त्यातून मान्य झाले.

कागलच्या पुढे दूधगंगा ओलांडली की कर्नाटक लागते. निपाणी व बेळगाव भागातील मराठी विद्यार्थीही ज्यांच्या कक्षेत येत होते, ते तेथील सरकारचे ५ फेब्रुवारी २०२२ चे आदेश उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी वैध ठरवले. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत १३ ऑक्टोबर २०२२ रोजी मतभेद झाला आणि एकमताचा निर्णय होऊ शकला नाही. महाराष्ट्रात हा वाद २०२४ साली मुंबईतील चेंबूर येथील आचार्य-मराठे महाविद्यालयाच्या परिपत्रकावरून उद्भवला. हिजाब, टोपी, बिल्ला इत्यादींस वर्गात मनाई करणाऱ्या ह्या परिपत्रकाविरुद्ध नऊ विद्यार्थिनींनी दाद मागितली. उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी याचिका फेटाळली. लगोलग त्याच महाविद्यालयाने फाटक्या जीन्स, टी-शर्ट इत्यादींवरही बंदी घातली. आरंभी जो प्रश्न एका धर्माच्या मुलींचा वाटत होता, तो दोन दिवसांत सर्वांचा झाला. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी हिजाब, टोपी व बिल्ला ह्यांच्या मनाईस अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा मात्र चालणार नाही, असेही सांगितले. धर्म कळू नये म्हणून ही मनाई असेल तर नावांवरून तो कळत नाही काय, आणि टिळा वा टिकली ह्यांवर बंदी घालणार काय, असे प्रश्न सुनावणीत विचारण्यात आले. नाव हे भाषेचे वस्त्र आहे, असे म्हटले तर त्या प्रश्नाचा रोख अधिक स्पष्ट होतो.

येथे विरोधी पक्षाचा एक युक्तिवाद टाळता येणार नाही. एखादी मुलगी जे वस्त्र 'स्वेच्छेने' धारण करते असे म्हणते, ते घराने किंवा समाजाने तिच्यावर लादलेले नाही कशावरून? महाडच्या स्त्रियांच्या अंगावरची खूण लादलेलीच होती, आणि ती टाकण्याचा उपदेश बाहेरून आला. मग शाळेने तसा उपदेश, किंवा नियम, का करू नये? ह्या प्रश्नास तात्त्विक उत्तर देण्यापेक्षा हिंगण्याचे उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल. धोंडो केशव कर्वे ह्यांच्या अनाथ बालिकाश्रमात पार्वतीबाई आठवले ह्या केशवपन झालेल्या विधवा शिक्षणासाठी आल्या. 'बोडकी' ह्या शिवीच्या रूपाने मराठी भाषेने जिचा अपमान नोंदवून ठेवला आहे, ती ही अवस्था. संस्थेचा उद्देशच विधवांची स्थिती सुधारण्याचा असताना, तिने पार्वतीबाईंवर केस वाढवण्याची सक्ती केली नाही. त्या तशाच शिकल्या, तशाच संस्थेसाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव फिरल्या, आणि अनेक वर्षांनी स्वतःच्या विचाराने त्यांनी वपन सोडले. त्यांच्या आत्मचरित्रात त्यांनी हा निर्णय आपला म्हणून मांडला आहे. संस्थेने जर पहिल्याच दिवशी प्रवेशासाठी केसांची अट घातली असती, तर पार्वतीबाई हिंगण्यास पोहोचल्याच नसत्या. महाडला उपदेश झाला, हुकूम झाला नाही. ऐकणाऱ्या स्त्रियांनी तो मानला आणि पदर स्वतःच्या हाताने घेतला. लादलेली खूण आणि स्वीकारलेली खूण ह्यांतील फरक बाहेरून ओळखणे अवघड आहे, हे खरे. परंतु खूण उतरवण्याचे काम ज्याचे त्याने करावयाचे असेल, तरच तो फरक कधीतरी उघड होण्याची शक्यता राहते. शाळेच्या फाटकाशी उतरवलेले वस्त्र फाटकाबाहेर पुन्हा चढवले जाते, आणि फाटकाशी अडवलेली मुलगी घरी परत जाते.

प्रसंगोपात्त एक तुलना नमूद करण्यासारखी आहे. कळंबा हे नाव कोल्हापुरात उच्चारले, की तलावाच्या खालोखाल मध्यवर्ती कारागृहाची आठवण होते. ज्या कायद्याखाली अशा कारागृहांचा कारभार दीर्घकाळ चालला, त्या १८९४ च्या तुरुंगविषयक कायद्याच्या कलम ३१ ने, ज्याचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही अशा कैद्यास बाहेरून स्वतःचे कपडे घेण्याची मुभा दिली होती. ठरवून दिलेला वेश हा शिक्षेचा परिणाम आहे, नुसत्या कोठडीचा नव्हे, असा भेद एकोणिसाव्या शतकातील वसाहतवादी कायद्यासही कळत होता. शाळेची व तुरुंगाची बरोबरी करण्याचा येथे उद्देश नाही. शाळेस शिस्तीची गरज आहे, आणि प्रयोगशाळेत सैल बाही किंवा मैदानावर लांब झगा धोक्याचा असतो हेही उघड आहे. पण वेश ठरवून देणे म्हणजे व्यक्तीकडून काहीतरी काढून घेणे आहे, आणि त्यासाठी कारण द्यावे लागते, एवढी जाणीव ज्या कायद्यात होती ती शाळांच्या परिपत्रकांत क्वचितच आढळते. 'शोभत नाही', 'आपल्या संस्कृतीत बसत नाही' हे शेरे त्यांत आढळतात. ते आनंदीबाईंच्या बुटांवर ओसरीवरून मारलेल्या शेऱ्यांच्या जातीचेच आहेत. शासनाने मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही पोशाखाचे नियम काढून जीन्स व टी-शर्ट वर्ज्य ठरवले, तेव्हा शिक्षकांनी वृत्तपत्रांतून नापसंती व्यक्त केली. विद्यार्थ्यांस अशी सोय नसते.

बालहक्कांविषयीच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय संहितेचा स्वीकार भारताने १९९२ साली केला. तिच्या बाराव्या अनुच्छेदाप्रमाणे मुलाशी संबंधित बाबींत त्याचे मत ऐकून त्याच्या वयानुसार त्यास वजन द्यावयाचे असते. डिसेंबर २०२४ नंतर गणवेशाचा निर्णय ज्या शाळा व्यवस्थापन समितीकडे आला, तिची घडण शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ ने सांगितलेली आहे. स्थानिक प्राधिकरणाचे निवडून आलेले प्रतिनिधी, पालक आणि शिक्षक हे तिचे घटक. त्यांत किमान तीन-चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. अधिनियमाच्या ह्या कलमात विद्यार्थ्याचा उल्लेख नाही. केंद्राच्या आदर्श नियमावलीत तो येतो तो विकल्पाच्या रूपाने: काही जागा स्थानिक शिक्षणतज्ज्ञ अथवा शाळेतील मुले ह्यांतून पालकांनी भराव्यात असे तेथे म्हटले आहे. रंग कोणता असावा, परकर असावा की सलवार, टोपी चालेल की नाही, ह्याची चर्चा ज्या बैठकीत व्हावयाची, तेथे ते वस्त्र घालणाऱ्यास जागा द्यावयाची की नाही, हे त्या 'अथवा'वर अवलंबून आहे.